वॉल काढणारे मामा

आमच्या घरात कुठल्याही भांड्यावर झाकण टिकत नसे. भाताच्या पातेल्यावर ताटली ठेवून मी पाठ वळवली, की मामा स्वयंपाकघरात यायचे, उघड्या बोटांनी ती ताटली उचलायचे, ओट्यावर ठेवायचे आणि निघून जायचे. दूध असो, डाळ असो, अंघोळीचं पाणी असो. "वाफ कोंडू नको पोरी," एवढंच म्हणायचे. लग्नात माझ्या भावानं हौसेनं प्रेशर कुकर दिला होता. त्याची पहिली शिट्टी झाली तेव्हा मामा भरल्या ताटावरून उठून अंगणात जाऊन उभे राहिले. तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. दुसऱ्या दिवशी कुकर माळ्यावर गेला. मी नवी सून, मनात म्हटलं, सासरा जरा विक्षिप्तच मिळालाय. ते भ्यालेले आहेत, हे कळायला मला बराच काळ लागला.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामाच म्हणतात. घराबाहेर मात्र सगळं जग त्यांना वस्ताद म्हणत असे. सत्तरच्या दशकात नाशकात द्वारकेजवळ, आग्रा रोडला लागून, त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रे आणि खाली डिझेल पिऊन काळी झालेली जमीन. मालेगाव-धुळ्याकडून येणारे, मुंबईकडे जाणारे ट्रकवाले तिथं हटकून थांबत. मामा कुणाला "काय झालंय?" म्हणून विचारत नसत. बॉनेट उघडायचे, इंजिनातून पाण्याचा जाड रबरी पाइप जिथून रेडिएटरकडे निघतो तिथं पंजा टेकवायचे आणि डोळे मिटायचे. डॉक्टरनं नाडी बघावी तसे. मग म्हणायचे, "याचा गळा कुणीतरी आवळलाय. मोकळा करतो."

त्या गळ्यात वाटीच्या तोंडाएवढी एक पितळी झडप बसवलेली असते. तिचं खरं नाव थर्मोस्टॅट, गॅरेजच्या भाषेत नुसता वॉल. तिचं काम मला माझ्या भावानं, अशोकनं, समजावून सांगितलं होतं. तो सातपूरला एका कारखान्यात माल तपासायच्या कामावर होता. इंजिनाभोवती सारखं पाणी फिरत असतं. सकाळी गाडी गार असते तेव्हा हा वॉल मिटलेला असतो. पाणी आतल्या आत फिरतं आणि इंजिन लवकर ऊब धरतं, कारण इंजिनाला बेताचं तापलेलंच मानवतं. पुरेसं तापलं, की वॉलच्या पोटातलं मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि गरम पाणी रेडिएटरकडे निवायला जातं. पाणी फार निवलं, की झडप पुन्हा मिटायला लागते. कुणी बघायला नको, कुणी सांगायला नको. मामांना हे सगळं ठाऊक होतं आणि त्यातलं काडीचंही पटत नव्हतं. येईल त्या ट्रकचा वॉल ते उपटून काढत. "मानसाच्या गळ्याला कुणी दार बसवतं का रं?" असं विचारत आणि ड्रायव्हर हसत. उन्हाळ्यात त्या गाड्या खरंच गार चालत, त्यामुळे मामांचं नाव पार इंदूरपर्यंत पोचलं होतं.

हे वेड कुठून आलं ते मला ह्यांनी सांगितलं. हे म्हणजे माझे यजमान, सुधाकर; तेही ट्रकच चालवत. मामा पूर्वी स्वतः ट्रक चालवत आणि त्यांचा धाकटा भाऊ किसन त्याच गाडीवर क्लिनर होता. एकदा मुंबईहून माल भरून कसारा घाट चढताना गाडीचा वॉल चिकटला. मिटलेला तो मिटलेलाच राहिला. पाणी रेडिएटरकडे जाईना आणि इंजिन उकळायला लागलं. मामांनी गाडी कडेला घेतली. किसन उडी मारून पुढं धावला आणि त्यानं रेडिएटरचं झाकण फिरवलं. मामा "थांब" म्हणाले, पण तोवर झाकण उडालं होतं. आतलं उकळतं पाणी सगळं किसनच्या तोंडावर आलं. तो वाचला नाही. त्यानंतर मामांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. त्यांनी पाना हातात घेतला आणि दिसेल त्या गाडीचा वॉल काढायला सुरुवात केली. ही हकिगत ऐकली त्या दिवशी भाताचं पातेलं मी आपण होऊन उघडं ठेवलं.

एवढी एक गोष्ट सोडली, तर मामांसारखा माणूस शोधून सापडायचा नाही. मी अकरावी झालेली होते. लग्नानंतर कॉलनीतल्या विहाराशेजारी बालवाडी निघाली तेव्हा माझं नाव मामांनीच जाऊन दिलं. मला विचारलंसुद्धा नाही. मी बिचकले तर म्हणाले, "शिकलीस ते काय माळ्यावर ठेवायला? तिथं तुझा कुकर हाय की." पुढं आमची मुलगी झाली. तिला घ्यायच्या आधी मामा रॉकेलनं हात धुवायचे, मग साबणानं, मग राखेनं, आणि तरीही बोटं नाकाशी नेऊन वास घ्यायचे. तिचं दूध पाजायच्या आधी वाटी स्वतःच्या गालाला लावून बघायचे. पोरगी रांगत चुलीकडे निघाली, की पत्र्यावर वीज पडल्यासारखे ओरडायचे. मी हसायचे. हे मात्र हसत नसत.

वॉल काढलेल्या गाडीचा खरा त्रास थंडीत होई. नाशिकची थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना सांगायला नको. वॉल नाही म्हटल्यावर पाणी कायम रेडिएटरमधून जात राहायचं आणि इंजिन तापायचंच नाही. गाडी खोकायची, ओढायची नाही, मागून काळा धूर सोडायची. त्यावर ड्रायव्हरांनी उपाय काढला होता. रेडिएटरच्या पुढं कांद्याचं रिकामं पोतं दुमडून सुतळीनं बांधायचं, म्हणजे वारा लागत नाही. पण पोतं घाटात चालत नाही. चढाला इंजिन जोर लावतं, झपाट्यानं तापतं, त्याला तेव्हा वारा हवाच. म्हणून घाटाच्या पायथ्याशी उतरून पोतं सोडायचं आणि घाट संपला की पुन्हा बांधायचं. मामा प्रत्येक ड्रायव्हरकडून हे वदवून घेत. "सपाटीला?" "बांधायचं, वस्ताद." "घाटाला?" "सोडायचं, वस्ताद." मी बालवाडीत पोरांकडून पाढे म्हणून घ्यायचे त्याच सुरात.

एकदा चांदवडला नातलगांकडे साखरपुडा होता. ह्यांची गाडी त्याच बाजूला मोकळी निघाली होती, म्हणून मीही केबिनमध्ये बसून गेले. पहाट सरत होती, काचेवर धुकं होतं. मी समोरच्या तबकड्या बघत होते. एका तबकडीचा काटा अगदी तळाशी आडवा पडला होता. मी विचारलं, "हा बंद पडलाय का?" हे म्हणाले, "चालू आहे. पाण्याच्या तापाचा आहे. वॉल काढल्यापासून तो उठतच नाही." काटा झोपलेला दिसला की इंजिन सुखात आहे, असं मामा सांगत. हे त्या काट्याकडे बघेनासेच झाले होते. कोणताच ड्रायव्हर बघत नसे. कधीच न हलणाऱ्या गोष्टीकडे माणूस किती दिवस बघणार? पुढं चढ लागायच्या आधी क्लिनरनं उतरून पोतं सोडलं. हे हसून म्हणाले, "बघ, हा आमचा चालता-बोलता वॉल." मीही हसले, पण घरी येईपर्यंत तो आडवा काटा डोळ्यांपुढून हलला नाही.

रविवारी अशोक यायचा. मटण व्हायचं आणि मटणाबरोबर वॉलवरून वाद व्हायचा. अशोक जीव तोडून सांगायचा, की इंजिन गार चाललं की डिझेल नीट जळत नाही, आतून झिजत जातं. मामा शांतपणे नळी चोखत ऐकायचे. एकदा म्हणाले, "अशोकराव, तुमच्या कारखान्यात वॉल टेबलावर असतो. आमचा घाटात असतो. टेबलावर कुणी मरत नाय."

"मामा, हजारात एखादा चिकटतो," अशोक म्हणाला. "तो बदलायचा. सगळेच कशाला काढायचे?"

"कोन्ता चिकटंल ते आधी सांगतो का तुमचा वॉल?"

"नाही सांगत."

"मग?"

"मग पोतं तरी कुठं सांगतं?"

"पोत्याला मानूस असतो."

"आणि माणूस चुकला तर?"

मामांनी हाड ताटात ठेवलं आणि ह्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत केवढं कौतुक होतं! "माझा नाय चुकत," ते म्हणाले. हे मान खाली घालून भाकरी कुस्करत राहिले. अशोकनं विषय बदलला.

त्या सोमवारी मी ह्यांच्या मागे लागले. म्हटलं, तुमच्या गाडीत तेवढा नवा वॉल बसवून घ्या, अशोक आणून देईल, दुसऱ्या कुठल्या गॅरेजात बसवा, मामांना कळायचंही नाही. हे म्हणाले, "ती गाडी माझ्या हातात आली त्या दिवशी बाबांनी तिला हार घालायच्या आधी वॉल काढला. त्यांनी काढलेला मी गुपचूप बसवू? त्यांचा हात पाइपवर पडला की लगेच कळेल त्यांना. मग ते माझ्याशी भांडणार नाहीत गं. नुसते बघतील. माझ्या जागी किसनकाकाला बघतील." मी म्हटलं, "आणि मी काय बघायचं?" त्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि थंडी संपली की बाबांशी बोलतो, असं कबूल केलं. माझं समाधान झालं नाही, पण शब्द मिळाला होता. थंडी किती दिवसांची, असं मी स्वतःला समजावलं.

पौषात कडाका पडला. बालवाडीत पोरं दप्तरं पोटाशी धरून बसायची. त्या दिवसांत ह्यांचा क्लिनर तापानं आजारी पडून गावी गेला आणि हे एकटेच गाडी नेऊ लागले. मामांना ते पसंत नव्हतं. निघताना ते गाडीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांनी पोतं स्वतः बांधलं, सुतळीची गाठ ओढून बघितली. वारा फार होता म्हणून सुटून जाऊ नये अशी पक्की, आतल्या बाजूनं. "सपाटीला?" त्यांनी विचारलं. हे हसले. इतक्या वर्षांचा ड्रायव्हर तो, बापापुढं पाढा म्हणाला. "घाटाला?" "सोडायचं, बाबा." मी मुलीला कडेवर घेऊन दारात उभी होते. गाडी वळली तेव्हा मागे धुराचा पट्टा राहिला आणि मामा तो विरेपर्यंत बघत उभे राहिले.

पुढचं आम्हाला दुसऱ्या एका ड्रायव्हरकडून कळलं. तो परतीच्या वाटेवर ह्यांच्या मागे होता. मालेगावहून चांदवडकडे येताना राहूडचा घाट लागतो. दिवस उजाडून थोडाच वेळ झाला होता, धुकं होतं, गाडी भरलेली होती. पायथ्याशी ओळीनं गाड्या चढत होत्या. एरवी तिथं क्लिनर आपण होऊन उडी मारायचा. त्या दिवशी उडी मारायला कोणी नव्हतं, आणि हे ओळीबरोबर चढत गेले. काटा वर चढला असणारच. त्याच्याकडे बघायची सवय मोडलेली होती. निम्म्या घाटात तापलेल्या तेलाचा वास आला तेव्हा ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि चाकांना दगड लावले. रेडिएटरच्या झाकणाला त्यांनी हात लावला नाही. किसनकाकाचा पुतण्या तो, कसा लावेल? ते फक्त पोतं सोडायला गेले. गाठ मामांच्या पद्धतीनं आतल्या बाजूला मारलेली होती म्हणून बॉनेट उचलून वाकले, आणि तेवढ्यात रबरी पाइप फुटला.

नाशिकच्या सरकारी दवाखान्यात हे थोडे दिवस होते. चेहरा, मान, छाती, सगळं पट्ट्यांत. मामा पायाशी स्टुलावर बसून असायचे. जेवायलाही उठायचे नाहीत. एकदा ते पाणी आणायला बाहेर गेले तेव्हा ह्यांनी मला जवळ बोलावलं. "पोतं राहिलं, हे बाबांना सांगू नको," असं म्हणाले. "पाइप जुना होता म्हण." मी हो म्हटलं. तेवढंच बोलणं झालं. पण तो ड्रायव्हर पहिल्याच दिवशी गॅरेजात सगळं सांगून गेला होता, गाठीसकट. मामा पाणी घेऊन आले, त्यांनी चमच्यानं ह्यांच्या ओठांना लावलं, आणि ह्यांनी पट्टीतून कसंबसं म्हटलं, "बाबा, पाइप जुना झाला होता." मामा म्हणाले, "व्हय रं. जुना झाल्ता." दोघंही एकमेकांसाठी खोटं बोलत होते आणि मी मध्ये उभी होते. त्यानंतर लवकरच हे गेले.

मला मामांचा राग आला होता का? आला होता. विहारात पुण्यानुमोदनाचा विधी झाला, लोक बोलून गेले, आणि घरात मी, मुलगी आणि मामा असे तिघं उरलो. त्यानंतर कितीतरी दिवस मी त्यांना ताट वाढून आत निघून जायचे. ते स्वयंपाकघरात यायचे थांबले होते. गॅरेज बंद होतं. ट्रकवाले येत, बंद पत्र्यांपुढं हॉर्न वाजवत आणि निघून जात. पण मुलगी रात्री खोकली तर माझ्याआधी त्यांचे पाय वाजायचे, आणि दूध गालाला लावून बघणं काही सुटलं नव्हतं. अशा माणसावर राग धरून ठेवणं फार अवघड असतं. मी पुष्कळ प्रयत्न केला.

मामा त्यानंतर बरीच वर्षं जगले. नातीला त्यांनीच शाळेत पोचवलं, सायकल शिकवली. गॅरेज त्यांनी पुन्हा उघडलं नाही. पण त्यांचं नाव काढलं की मला आठवते ती एक दुपार. रविवार होता. अशोक येऊन बसला होता. मामा आपण होऊन म्हणाले, "अशोकराव, तो वॉल उघडतो कसा, ते दाखवता का?"

अशोक चाचरला. म्हणाला, "सोपं आहे, मामा. पातेल्यात पाणी तापवायचं, वॉल दोऱ्यानं आत सोडायचा, आणि बघायचं. पण आत्ता वॉल कुठून..."

मामा उठून गॅरेजकडे गेले आणि पत्र्याचा एक मोठा डबा खांद्यावर घेऊन आले. तो भरलेला होता. इतकी वर्षं ते वॉल काढून टाकतो म्हणायचे, पण टाकला एकही नव्हता.

मी स्टोव्ह पेटवला. अशोकनं एका वॉलला दोरा बांधला आणि तो पळीच्या दांड्याला अडकवून पाण्यात सोडला. आम्ही तिघं वाकून बघत बसलो. आधी काहीच झालं नाही. मग तळाशी बुडबुडे धरले, आणि पाणी उकळायच्या जरा आधी झडप जागची हलली. पाखराच्या पिलानं चोच उघडावी तशी हळूहळू उघडली. अशोकनं पातेल्यात गार पाणी ओतलं, तशी ती पुन्हा मिटली. मामा म्हणाले, "दुसरा घ्या."

दुसराही उघडला. तिसरा गंजलेला होता, तो थोडा अडखळत उघडला. अशोकला घरी परतायचं होतं, तो निघून गेला. मग दोरे मी बांधायला लागले, एका खेपेला चार-पाच. उघडलेला वॉल मामा फडक्यानं पुसून एका बाजूला ठेवत आणि डब्यातून पुढचा काढत. "एखादा तरी चिकटलेला निघंल," असं ते मधूनच म्हणत. माझ्याशी नव्हे, पातेल्याशी. "यवढ्यांत एखादा तर आसंलच की."

"असेल, मामा," मी म्हटलं, आणि स्टोव्हला पंप मारला.

फरशीवर उघडलेल्या वॉलांची रास वाढत गेली आणि डबा रिकामा होत गेला. उन्हं उतरली. मुलगी झोपून उठली आणि माझ्या पाठीला येऊन चिकटली. शेवटी डब्याच्या तळाशी एकच राहिला, काळा पडलेला, कडा झिजलेला. मामांनी तो माझ्या हातात दिला. मी दोरा बांधला, वॉल पाण्यात सोडला आणि ज्योत मोठी केली. माझा नवरा गेला होता, माझी पोर बापावाचून वाढणार होती, आणि मी त्या पातेल्यावर वाकून जिवाच्या आकांतानं मनात म्हणत होते, तू तरी उघडू नको रे, या म्हाताऱ्यासाठी तू तरी उघडू नको.

पाण्याला बुडबुडे आले. तोही उघडला.